पॅरिस ग्रँड स्लॅम ज्यूदो कशी बघावी: ड्रॉ उघडण्यापासून ब्राँझच्या लढतीपर्यंत

शालेय क्रीडा स्पर्धांत ज्यूदो खेळणारी मुले महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांचे आईवडील रविवारी सकाळी हौसेने मॅटच्या कडेला उभे राहतात, पोराने कोणाला पाडले की टाळ्या वाजवतात. पण त्याच घरात आंतरराष्ट्रीय ज्यूदो लावला, तर दहा मिनिटांत चॅनेल बदलले जाते. दोघे एकमेकांचे हात झटकत राहतात, मध्येच पंच थांबवतात, पुन्हा तेच. मग अचानक कोणीतरी पाठीवर आपटतो आणि रिप्ले संपला तरी नेमके काय झाले ते उमगत नाही.

हे टाळता येते. त्यासाठी ज्यूदो खेळलेला असण्याची गरज नाही. दोन सवयी लावून घ्यायच्या. एक, नजर पडण्यावर नाही तर हातांवर ठेवायची. दोन, स्पर्धा सकाळपासून बघायची, फक्त संध्याकाळच्या अंतिम लढती नाहीत. या लेखात मी दरवर्षी साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी होणारी पॅरिस ग्रँड स्लॅम ही एकच स्पर्धा धरून चालणार आहे. ती समजली की टोकियो, ताश्कंद, अबू धाबी कुठलीही स्पर्धा समजेल, कारण सांगाडा तोच असतो.

पॅरिसच का

आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघ, म्हणजे आयजेएफ, वर्षभर स्पर्धांची एक मालिका चालवतो. खालून वर जाताना ग्रँड प्री, ग्रँड स्लॅम, मास्टर्स आणि जागतिक अजिंक्यपद अशा पायऱ्या आहेत. ग्रँड प्रीच्या सुवर्णाला ७०० क्रमवारी गुण, ग्रँड स्लॅमच्या सुवर्णाला १०००, जागतिक अजिंक्यपदाच्या सुवर्णाला २०००. ग्रँड स्लॅममध्ये रौप्याला ७००, ब्राँझला ५००, पाचव्या क्रमांकाला ३६० आणि सातव्याला २६० गुण मिळतात. ऑलिंपिकचा प्रवेश याच गुणांवर ठरतो. त्यामुळे पाचव्या क्रमांकासाठी झुंजणारी मुलगी उगाच जिवाचा आटापिटा करते आहे असे समजू नका. ते गुण तिला हवे असतात.

पॅरिसची स्पर्धा १९७१ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये ग्रँड स्लॅम मालिका निघाली तेव्हापासून ती तिचा भाग आहे. पण तिचे वजन केवळ वयामुळे नाही. जपानी प्रशिक्षक मिकिनोसुके कावाइशी १९३५ मध्ये पॅरिसला आले आणि तिथे ज्यूदो रुजला. आज फ्रान्समध्ये नोंदणी केलेले ज्यूदोपटू पाच लाखांच्या घरात आहेत. जपानबाहेरचा पहिला विश्वविजेताही पॅरिसमध्येच घडला: १९६१ साली नेदरलँड्सचा अँटन गेसिंक. त्यामुळे ही स्पर्धा होते त्या पॅरिसमधल्या बर्सी भागातल्या सभागृहात बसलेली माणसे बहुतांशी स्वतः कधी ना कधी मॅटवर पडलेली असतात. चांगला डाव थोडक्यात हुकला तरी त्यांच्या तोंडून उद्गार निघतो, आणि घरी बघणाऱ्याला तो उद्गार शिक्षकासारखा उपयोगी पडतो. प्रेक्षक ओरडले आणि तुम्हाला काहीच दिसले नाही, तर रिप्ले बघाच.

स्त्रिया आणि पुरुष: एकच मॅट

एकूण १४ वजनी गट. स्त्रियांचे ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ किलोपर्यंतचे सहा आणि ७८ किलोंवरचा सातवा. पुरुषांचे ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० किलोपर्यंतचे सहा आणि १०० किलोंवरचा सातवा. दोन दिवसांच्या स्पर्धेत सहसा पहिल्या दिवशी हलके गट आणि दुसऱ्या दिवशी जड गट असतात. स्त्रियांची लढत संपते आणि त्याच मॅटवर पुरुषांची सुरू होते. वेळ दोघांनाही चार मिनिटे, गुण तेच, बक्षिसाची रक्कम तीच.

हे आज साहजिक वाटते, पण ते भांडून मिळाले आहे. पुरुषांचा ज्यूदो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. स्त्रियांना पदकांसाठी १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावे लागले. न्यूयॉर्कची रस्टी कानोकोगी १९५९ मध्ये केस कापून, पुरुषांच्या संघातून एका वायएमसीए स्पर्धेत उतरली आणि जिंकली. ती स्त्री आहे हे कळल्यावर तिचे पदक काढून घेतले गेले. त्याच बाईने १९८० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरवून दाखवली. मुलींना ज्यूदो शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे त्यांना सांगावे असे मला मनापासून वाटते. पॅरिसच्या मॅटवर ४८ किलोची मुलगी आणि १०० किलोंवरचा गडी एकाच दिमाखात उतरतात, त्यामागे हा इतिहास उभा आहे.

स्पर्धेआधी: ड्रॉ वाचा, दोन गट निवडा

ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी लढणार याचा तक्ता, स्पर्धेच्या आदल्या दिवशी निघतो आणि आयजेएफच्या संकेतस्थळावर दिसतो. तो उघडून पंधरा मिनिटे द्या. हे केले नाही तर दिवसभर अनोळखी नावांच्या गर्दीत हरवायला होते.

प्रत्येक गटात, आलेल्या खेळाडूंपैकी क्रमवारीतल्या पहिल्या आठांना मानांकन असते आणि त्यांना ड्रॉमध्ये लांब लांब ठेवलेले असते. प्रत्येक देशाला एका गटात दोन खेळाडू उतरवता येतात, पण यजमानांना चार. म्हणून पॅरिसमध्ये फ्रान्सची नावे जागोजागी दिसतील, आणि त्यातली काही अगदी कोवळी पोरे-पोरी असतील. त्यांच्यावर लक्ष ठेवा. घरच्या प्रेक्षकांसमोर नाव कमावण्याची हीच त्यांची संधी असते, आणि पहिल्या फेरीत मानांकित खेळाडूंची दमछाक अनेकदा तेच करतात.

ड्रॉ चार भागांत विभागलेला असतो. प्रत्येक भागातून एक जण उपांत्य फेरीत जातो. आता रिपेचाज, म्हणजे हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी, नीट समजून घ्या, कारण इथे कुस्तीच्या सवयीने गल्लत होते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्याने ज्यांना हरवले त्यांना पुन्हा संधी मिळते. ज्यूदोत तसे नाही. फक्त उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रिपेचाज मिळतो. त्यांच्या दोन लढती होतात आणि त्यातले दोन विजेते, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी ब्राँझसाठी भिडतात. म्हणून ब्राँझ दोन. त्याआधीच्या फेरीत जो हरला त्याची स्पर्धा तिथेच संपली, मग तो विश्वविजेता का असेना.

सगळे चौदा गट बघायचा हट्ट धरू नका. दिवसाला एक स्त्रियांचा आणि एक पुरुषांचा गट घ्या. माझे मत विचाराल तर पहिल्या दिवशी स्त्रियांचा ५७ किलो आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांचा ८१ किलो सोडू नका. मधल्या वजनांत वेगही असतो आणि ताकदही, त्यामुळे डावांची विविधता सर्वांत जास्त दिसते. ५७ किलोत कॅनडाची क्रिस्टा देगुची २०२४ ची ऑलिंपिक विजेती. ८१ किलोत जपानच्या ताकानोरी नागासेने टोकियो आणि पॅरिस अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णे घेतली, आणि त्याच गटात जॉर्जियाचा तातो ग्रिगालाश्विली २०२२, २०२३ आणि २०२४ असा तीनदा विश्वविजेता झाला. नागासेचे लांब हातपाय आणि संथ, जाळे विणल्यासारखी पकड. ग्रिगालाश्विलीचे छातीला छाती लावून उचलणे. या दोघांच्या जुन्या लढती आधी बघितल्या तर एकाच वजनात खेळ किती वेगळा असू शकतो ते लगेच ध्यानात येते.

भारतीय खेळाडू आहे का, हेही ड्रॉमध्ये बघा. मणिपूरच्या लिंथोई चानंबमने २०२२ मध्ये साराएव्होला कॅडेट (१८ वर्षांखालील) गटाचे जागतिक सुवर्ण जिंकले. ज्यूदोच्या जागतिक स्पर्धेत, कोणत्याही वयोगटात, भारताचे ते पहिले पदक. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने ब्राँझ मिळवले. सुशीला लिकमबम आणि तूलिका मान ऑलिंपिक खेळल्या आहेत. आपला खेळाडू पहिल्या फेरीत असेल तर त्याचा प्रतिस्पर्धी मानांकित आहे का ते तपासा. एका मिनिटात निकाल लागला तरी तो कोणाविरुद्ध लागला हे कळले पाहिजे.

गुण: पंचांचा हात वाचायला शिका

नियम थोडेच आहेत. हाताच्या खुणा पाठ झाल्या की फलकाकडे सारखे बघावे लागत नाही.

पंचांचा हात सरळ आकाशाकडे गेला: इप्पोन. लढत संपली. त्यासाठी प्रतिस्पर्धी पाठीवर पडायला हवा, जोरात, वेगाने, आणि पाडणाऱ्याचा ताबा शेवटपर्यंत असायला हवा. यातले काही कमी पडले तर हात खांद्याच्या रेषेत आडवा जातो: वाझा-आरी. दोन वाझा-आरी झाले की इप्पोन. हात शरीरापासून तिरका, खालच्या बाजूला गेला तर युको. हा गुण २०१७ मध्ये काढून टाकला होता, २०२५ पासून परत आला आहे. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या लढतींत तो सापडणार नाही. कितीही युको जमले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. दहा युकोंवर एक वाझा-आरी भारी.

जमिनीवर दाबून धरले की पंच वाकून हात पुढे करतात आणि 'ओसाएकोमी' म्हणतात. घड्याळ सुरू. ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पोन. खालच्याने निसटून घेतले की 'तोकेता'. 'हाजिमे' म्हणजे सुरू, 'माते' म्हणजे थांबा, 'सोरे-मादे' म्हणजे संपली. एवढ्या शब्दांवर अख्खा दिवस निघतो.

दंडाला शिदो म्हणतात. तीन शिदो झाले की खेळाडू बाद. हल्ला न करणे, नुसते मॅटच्या कडेकडे पळणे, पकड घेऊच न देणे, खोटा हल्ला करणे ही नेहमीची कारणे. पंच छातीसमोर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवतात तेव्हा समजा की आळस केल्याचा दंड आहे.

चार मिनिटे संपून बरोबरी राहिली तर गोल्डन स्कोअर. त्याला वेळेची मर्यादा नाही. पहिला गुण मिळवणारा जिंकतो, आणि आधीचे शिदो तसेच पुढे येतात. दोघांनाही दोन-दोन शिदो असतील तर जो आधी थकून हात खाली सोडेल तो हरणार. अशा लढतीत पाणी प्यायलाही उठू नका.

मॅटवर पंच एकच असतात, पण त्यांच्या कानात यंत्र असते आणि टेबलावरचे पंच व्हिडिओ बघत असतात. म्हणून दिलेला गुण अर्ध्या मिनिटाने काढला गेला किंवा वाढला तर गोंधळू नका. ड्रॉमध्ये ज्याचे नाव आधी, तो पांढऱ्या ज्यूदोगीत, म्हणजे ज्यूदोच्या पोशाखात; दुसरा निळ्या. निळ्या रंगाची कल्पना गेसिंकने १९८६ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये महासंघाने ती स्वीकारली. जपानमध्ये तिला बराच विरोध झाला होता. बघणाऱ्याची मात्र त्यामुळे मोठी सोय झाली.

हातांकडे बघा

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो.

कुस्ती बघणाऱ्या मराठी माणसाला खडाखडी ठाऊक असते. सुरुवातीला मल्ल एकमेकांचा अंदाज घेतात, मनगट धरतात, मानेवर हात टाकतात. ज्यूदोतली पकडीची झटापट हीच आहे, फक्त इथे जाड कापड हातात असते आणि त्या कापडामुळे सगळे बदलते. ढोबळ मानाने एक हात प्रतिस्पर्ध्याच्या बाहीवर आणि दुसरा त्याच्या कॉलरवर. कॉलरवरचा हात चालवतो, बाहीवरचा हात ओढतो. नवखा प्रेक्षक कॉलरवरच्या हाताकडे बघतो, कारण तो मोठा आणि दिसायला जबर असतो. तुम्ही बाहीवरचा हात बघा. बाही हातात आली आणि कोपर खाली ओढले गेले की समोरच्याला वळता येत नाही, हात टेकवता येत नाही. बहुतेक मोठे डाव त्याच्या पुढच्या दोन-तीन सेकंदांत पडतात.

लढत सुरू झाली की पहिला प्रश्न: दोघे उजवे की एक उजवा आणि एक डावा? ज्याचा उजवा हात कॉलरवर आणि उजवा पाय पुढे, तो उजवा. दोघे एकाच बाजूचे असतील तर पकड पटकन जमते आणि खेळ मोकळा होतो. एक उजवा आणि एक डावा असेल तर दोघांचे कॉलरवरचे हात समोरासमोर येतात आणि बाही मिळवण्यासाठीच अर्धी लढत जाते. जपानी भाषेत पहिल्याला आइ-योत्सु आणि दुसऱ्याला केंका-योत्सु म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पुढचे पाय एकमेकांच्या अगदी जवळ असतात, म्हणून तिथे मांडीच्या आतून पाय घालून उडवण्याचा डाव जास्त दिसतो.

दुसरा प्रश्न: कोणाची पकड कोण मोडतो आहे? तिसरा: मोडल्यावर लगेच हल्ला येतो की नुसतेच मागे सरकणे? जो पकड मोडतो आणि मागे सरतो, त्याला मिनिटाभरात शिदो मिळणार हे तुम्ही आधीच सांगू शकाल. हे सांगता आले की खेळ तुमचा झाला.

एक गोष्ट कुस्तीवाल्यांना खटकते: पट काढता येत नाही. उभ्याने खेळताना हाताने पट्ट्याखाली पकडायला आयजेएफच्या नियमांत मनाई आहे. २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने आली. अनेक जुन्या जाणत्यांना हे आवडले नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते; काही सुंदर डाव त्यामुळे गेले. पण त्याच नियमामुळे दोघे ताठ उभे राहतात, वाकून बसत नाहीत, आणि फेकीचे डाव वाढले हेही खरे.

पाच डाव ओळखता आले तरी पुष्कळ

सेओइ-नागे: पाठ फिरवून, खाली शिरून, खांद्यावरून पुढे टाकणे. आपल्या धोबीपछाडीचा हा जवळचा नातेवाईक. हलक्या गटांत सर्रास दिसतो. गुडघ्यांवर बसून केला तर समोरच्याला सुटायला वेळच मिळत नाही.

उची-माता: वर सांगितलेला, मांडीच्या आतून पाय वर फेकून उडवण्याचा. आपल्याकडे टांग मारतात तिच्याशी ताडून बघा. यात धोका आहे, कारण समोरच्याने पाय ऐनवेळी बाजूला घेतला तर मारणाराच पुढे कोसळतो.

ओ-सोतो-गारी: छातीला भिडून बाहेरून पाय मागे कापणे. जड गटांत हा पडला की सभागृह हादरते.

तोमोए-नागे: स्वतः पाठीवर झोपून, पाय समोरच्याच्या पोटाला लावून डोक्यावरून भिरकावणे. स्त्रियांच्या हलक्या गटांत फार देखणा दिसतो.

पाचवा म्हणजे एक जोडगोळी: ओ-उची-गारी आणि को-उची-गारी. पायाच्या आतून मोठा किंवा छोटा अडसर घालून मागे पाडायचे. हे बऱ्याचदा चकवा म्हणून येतात. मागे ढकलल्यासारखे करायचे, समोरचा पुढे झुकून जोर लावतो, की लगेच पुढचा डाव टाकायचा. रिप्लेमध्ये पहिला डाव शोधायची सवय लावा. गुण दुसऱ्या डावाला मिळतो, पण काम पहिल्याने केलेले असते.

जमिनीवरचा खेळही वेळ देऊन बघा. दाबून धरण्याखेरीज इथे कोपराच्या सांध्यावर लॉक (सांधा मुरडून धरणे) आणि गळ्यावर चोक (गळा आवळणे) चालतो. शरण आल्याची खूण म्हणजे दोनदा थाप. खालचा खेळाडू पायांनी वरच्याचा पाय अडकवून ठेवतो तोवर ओसाएकोमी मिळत नाही, म्हणून तिथे लक्ष अडकलेल्या पायावर ठेवायचे. फ्रान्सची क्लारिस अगबेनेनू उभ्याने जितकी खतरनाक तितकीच खाली. ६३ किलोत सहा जागतिक सुवर्णे तिच्या नावावर आहेत, त्यातले २०२३ चे तर बाळंतपणानंतरचे. उभ्यावरून जमिनीवर जाताना ती एक क्षणही हात सोडत नाही, ते बघण्यासारखे आहे.

दिवस कसा आखावा

फेब्रुवारीत भारत पॅरिसच्या साडेचार तास पुढे असतो. तिथे सकाळी साडेनऊला लढती सुरू झाल्या तर आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. म्हणजे भारतात बसून बघणाऱ्याची झोपमोड होत नाही. नेमक्या वेळा त्या आठवड्यात संकेतस्थळावर तपासा. आयजेएफची स्वतःची ज्यूदोटीव्ही नावाची स्ट्रीमिंग सेवा आहे. खाते एक दिवस आधीच उघडून ठेवा.

प्राथमिक फेऱ्यांत एकाच वेळी अनेक मॅटवर लढती चालतात. लढतींचा क्रम जाहीर झालेला असतो. तुमच्या दोन गटांतल्या मानांकितांचा मॅट क्रमांक कागदावर उतरवून घ्या आणि त्या मॅटचेच प्रक्षेपण लावा. सगळ्या मॅटवर उड्या मारत राहिलात तर हातांचा खेळ दिसत नाही, फक्त रिप्ले दिसतात.

आणि हो, सकाळचे सत्र टाळू नका. टेडी रिनेरचे उदाहरण घ्या. ग्वादेलूपमध्ये जन्मलेला हा फ्रेंच महाबली २०१० नंतर हरलाच नव्हता. सलग १५४ विजय. ती मालिका तुटली फेब्रुवारी २०२० मध्ये, याच पॅरिस ग्रँड स्लॅममध्ये, त्याच्याच प्रेक्षकांसमोर. जपानच्या कोकोरो कागेउराने गोल्डन स्कोअरमध्ये त्याच्या हल्ल्याचाच प्रतिडाव करून त्याला पाडले. ही अंतिम लढत नव्हती, उपांत्यही नव्हती. तिसऱ्या फेरीतली लढत होती. ज्यांनी संध्याकाळी टीव्ही लावला त्यांना फक्त बातमी मिळाली. २०२४ च्या ऑलिंपिकमध्येही तेच झाले. जपानची उता आबे उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून दुसऱ्याच फेरीत इप्पोनने हरली आणि मॅटजवळ हमसून रडली. केल्दियोरोवा पुढे सुवर्ण घेऊन गेली.

मधल्या सुट्टीत जेवून घ्या, ड्रॉवर हरलेल्यांची नावे खोडा आणि रिपेचाजमध्ये कोण कोण राहिले ते लिहा. संध्याकाळच्या सत्रात सुवर्णाच्या लढती सगळेच बघतात. मी ब्राँझच्या लढती आधी सुचवीन. तिथे एक जण तासाभरापूर्वी उपांत्य फेरी हरून आलेला असतो, मनाने मोडलेला. दुसरा रिपेचाज जिंकून उसळीवर असतो. पहिल्या मिनिटातली पकडच सांगते की हरलेला सावरला आहे की नाही.

प्रशिक्षकांकडेही बघा. त्यांना फक्त 'माते' झाल्यावरच बोलायची मुभा असते. मधेच ओरडले तर पंच त्यांना उठवून बाहेर पाठवू शकतात. सकाळी ट्रॅकसूटमध्ये असलेले प्रशिक्षक अंतिम सत्रात कोट-टायमध्ये येतात. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत कडेवरून होणारा आरडाओरडा आठवून पालकांनी यातून थोडे घ्यायला हरकत नाही.

प्रत्यक्ष बर्सीला जायचे असेल तर

नातेवाईक युरोपात असतील किंवा फिरायला जायचेच असेल, तर हा शनिवार-रविवार धरून बेत करा. स्पर्धा अकोर अरीनात होते, पॅरिसच्या बाराव्या विभागात, बर्सी भागात. उतारावर गवत लावलेली पिरॅमिडसारखी इमारत लांबूनही ओळखू येते. २०२४ चे ऑलिंपिक ज्यूदो इथे नव्हते, ते शाँ-द-मार्सला झाले. जुने व्हिडिओ बघून जागेचा घोळ करू नका. मेट्रोच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या मार्गांवर बर्सी स्थानक आहे. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी या गाडीने शातले-ले-आल, तिथून १४ क्रमांकाच्या मेट्रोने गार द लियोननंतरचे स्थानक बर्सी. ऑर्लीला उतरलात तर १४ क्रमांक थेट आहे.

फ्रान्सचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण शेवटपर्यंत थांबू नका. भेटीची वेळ मिळण्यातच दिवस जातात. ३०,००० युरो किमान संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तिकीट सभागृहाच्या किंवा फ्रान्स ज्यूदोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. मॅटच्या अगदी जवळची महाग जागा घ्यायचा मोह होतो, पण खालून फक्त जवळची मॅट दिसते आणि पंचांची पाठ मध्ये येते. मधल्या उंचीवरून सगळ्या मॅट दिसतात आणि पायांची हालचाल नीट कळते. छोटी दुर्बीण असेल तर हातांची पकडही दिसेल.

फेब्रुवारीत बाहेर कडाका असतो आणि आत हजारो माणसांमुळे गरम होते, म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे घाला. दरवाज्यावर तपासणी होते, मोठी बॅग नेऊ नका. सकाळचे दार उघडतानाच आत शिरा. पहिल्या फेरीत गर्दी कमी असते आणि मुलांना हवी तिथून बघता येते.

मुलांसोबत बघताना

एक वही घ्या. प्रत्येक लढतीसाठी पाचच गोष्टी लिहायच्या: पांढरा उजवा की डावा, निळा उजवा की डावा, पहिली बाही कोणाला मिळाली, गुण कोणत्या डावाने आला, शिदो कोणाला आणि का. एका सत्रात दहा लढती लिहिल्या तरी खूप झाले. ज्यूदो शिकणाऱ्या मुलाला त्याच्याच वजनाच्या जवळचा गट लिहायला द्या, पण मुलीला स्त्रियांचाच गट द्यायला हवा असे नाही. मुलग्यांनी स्त्रियांच्या लढती लिहाव्यात असे मी मुद्दाम सांगतो. हलक्या स्त्रियांच्या गटांत पकड ते डाव हा क्रम इतका स्वच्छ दिसतो की कोवळ्या वयाच्या ज्यूदोपटूला त्यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक नाही.

एक सावधगिरी. मोठ्यांच्या स्पर्धेत दिसणारे लॉक आणि चोक मुलांनी घरी गादीवर करून बघायचे नाहीत. लहान वयोगटांत त्यांना बंदी असते, आणि ती कारणाशिवाय नाही. घरी करून बघायचेच असेल तर पकड: दोघांनी जाड जॅकेट घालायचे, एक मिनिट, फक्त बाही आणि कॉलर, पाडायचे काहीच नाही. दमल्यावर कळेल की मॅटवरचे ते 'नुसते हात झटकणे' किती श्रमाचे असते.

स्पर्धा संपल्यावर आठवडाभरात त्याच लढती पुन्हा बघा, या वेळी आवाज बंद करून आणि वही उघडी ठेवून. तुम्ही लिहिलेली पहिली बाही बरोबर होती का ते तपासा. मग पुढच्या स्पर्धेसाठी तेच दोन गट ठेवा. वर्षाच्या शेवटी, साधारण डिसेंबरमध्ये, टोकियो ग्रँड स्लॅम येते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास असल्याने तिथले सकाळचे सत्र भल्या पहाटे लागेल, आणि यजमान म्हणून प्रत्येक गटात चार-चार जपानी खेळाडू असतील.